अर्धी अंधेरी आपली

उपनगरातल्या जुन्या मराठी घरांत दोन गोष्टी वंशपरंपरेने चालत येतात: मधुमेह आणि गेलेली जमीन. आमच्याकडे दोन्ही आहेत. मधुमेहाचे रिपोर्ट निदान फायलीला लावलेले आहेत. जमिनीचा कागद कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी ‘अर्धी अंधेरी आपली होती’ हे लग्नात, बाराव्याला आणि बिल्डर भेटायला येणार असेल त्या दिवशी सकाळी आमच्याकडे म्हटलं जातंच.

ही अर्धी नेमकी कुठली, ते विचारू नये. माझ्या लहानपणी ती आंबोलीच्या अंगाला होती. लोखंडवाला उभं राहायला लागलं तशी ती तिकडे खाजणात सरकली. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि मोठ्या काकांना एकाएकी आठवलं, की हे खांब उभे आहेत ना, तिथेच आपलं भाताचं खाचर होतं. चौरस फुटाचा भाव जिकडे चढेल तिकडे आमची वडिलोपार्जित जमीन जाते. जिथे भाव पडला तिथे आमच्या पूर्वजांनी कधी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही.

ही जमीन ज्यांनी घालवली ते आमचे खापरपणजोबा. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल. मोठ्या काकांच्या मते त्यांनी रेल्वेला जागा फुकट दिली. आता विरारहून बॅकबेकडे पहिली गाडी १८६७च्या एप्रिलात गेली आणि वाटेत अंधेरीला थांबली, हे खरं. पण बी.बी.सी.आय. कंपनीला जमीन फुकट देण्याइतका उदार माणूस आमच्या घराण्यात झाला असेल, हे पटत नाही. आम्ही पाहुण्याला दुसऱ्या लाडवाचा आग्रह करत नाही. आत्याचं म्हणणं निराळं. खापरपणजोबांनी मोठं मृत्युपत्र केलं होतं, त्यात सगळं लिहिलं होतं आणि ते ‘कोर्टात दाबून ठेवलंय’. कुणी दाबलं ते ती सांगत नाही. सांगताना धाकट्या काकूंकडे मात्र बघते.

त्यांच्याही मागे गेलं की थेट चिमाजी आप्पा. साष्टी-वसईच्या पट्ट्यात ज्या घरात जावं त्या घरातला एक पूर्वज १७३९ साली वसईच्या किल्ल्यावर होताच. हे सगळे खरोखर गेले असते तर तटाला सुरुंग लावायची वेळच आली नसती. पोर्तुगीज ती गर्दी बघूनच गलबतात बसले असते.

मी जन्मभर बँकेत होतो. ओळखीच्या भाजीवालीकडूनही पत्त्याचा पुरावा घेतल्याशिवाय मी कधी खातं उघडलं नाही. निवृत्त झाल्यावर वाटलं, एवढ्या जगाचं केवायसी केलं, एकदा खापरपणजोबांचंही उरकून टाकू.

सुरुवात मृत्युपत्रापासून करायची म्हणून बँकेच्या पॅनेलवरच्या एका जुन्या वकीलसाहेबांना गाठलं. मुंबईत मृत्युपत्रांच्या कामाला मोठी परंपरा आहे: आधी मेयर कोर्ट, मग १७९८ साली रेकॉर्डर कोर्ट, १८२४ला सुप्रीम कोर्ट, १८६२ला हायकोर्ट. ही सगळी उतरंड मी वाचून गेलो होतो. साहेबांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, “तुम्ही मूळ अंधेरीचे ना?”

“पिढीजात मुंबईकर,” मी म्हटलं.

“छे हो. ठाणेकर.”

मी हबकलोच. पण ते खरं होतं. माहीम आणि शीवच्या पलीकडे त्या काळी मुंबई नव्हतीच. इंग्रजांनी १७७४च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला आणि आमची अंधेरी जिच्यात येते ती साष्टी घेतली, पण कारभारात साष्टी ठाणे जिल्ह्याकडेच राहिली. १९२० साली मुंबई उपनगर नावाचा वेगळा जिल्हा झाला. महानगरपालिकेची हद्द १९५० साली अंधेरी-जोगेश्वरीपर्यंत आली. दहिसर आणि मुलुंड १९५७ साली. म्हणजे खापरपणजोबा जन्मले ठाणे जिल्ह्यात, वारले ठाणे जिल्ह्यात. मोठ्या काकांनी ‘ठाण्याची माणसं’ म्हणून आपल्या सुनेच्या माहेराला आयुष्यभर नाकं मुरडली. हे मी त्यांना सुनेसमोरच सांगितलं. त्या दिवशी तिने मला आपण होऊन दुसऱ्यांदा चहा विचारला.

त्यात आणखी एक मेख होती. हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी १८७० साली कायदा झाला तो इकडे मुंबई शहरापुरता. शहरात केलेलं मृत्युपत्र किंवा शहरातली स्थावर मिळकत असेल तरच प्रोबेटची कटकट. साष्टीतल्या शेतकऱ्याने मरताना चार माणसांसमोर तोंडाने वाटणी सांगितली, तरी भागत होतं. आत्याला म्हटलं, “आत्या, मृत्युपत्र कोर्टात जायचं कारणच नव्हतं.” ती म्हणाली, “बघ! म्हणजे घरातच दाबलं,” आणि पुन्हा धाकट्या काकूंकडे बघितलं.

अशा वेळी इंग्रजांच्या वंशजांचा हेवा वाटतो. मुंबईत तापाने गेलेला कंपनीचा सामान्य कारकून असो, त्याचा बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळ्याच्या नकला लंडनला जात आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मेल्यावर त्याच्या खुर्च्या आणि दारूच्या बाटल्या कुणी किती रुपयांना घेतल्या याचीही यादी सापडू शकते. तेवढं लांब जायला नको. मरोळचा माझा एक ईस्ट इंडियन मित्र आहे. सीप्झच्या कुंपणाच्या आत पोर्तुगीजांच्या वेळचं, १५७९चं, पडकं चर्च आहे ना, त्याच्या पॅरिशमधलं त्यांचं घराणं. १८४०च्या सुमारास साथ आली आणि वस्तीबरोबर पॅरिशही मरोळला हलली. त्याला त्याच्या खापरपणजीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता कोण होती हेसुद्धा ठाऊक आहे. आम्हाला आमच्या खापरपणजीचं नाव माहीत नाही. कागदात ती सापडलीच तर ‘कोम’ एवढंच लावून नवऱ्याच्या नावाला बांधलेली सापडेल.

मग मी नोंदणी कचेऱ्यांकडे वळलो. दस्त नोंदवायचा कायदा १८६४चा. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या, पण वह्यांची मांडणी फार बदलली नाही. बुक एक स्थावराच्या दस्तांचं, बुक तीन मृत्युपत्रांचं, बुक चार किरकोळ. बुक दोनमध्ये ज्यांचे दस्त नाकारले त्यांची कारणं असतात, आणि माझं मत विचाराल तर साहित्य म्हणून वाचावं ते तेवढंच. सूची माणसांच्या नावाने एक, मिळकतीच्या नावाने दुसरी. ‘इंडेक्स टू’ हा शब्द आज मुंबईत घर घेतलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या रक्तगटाच्या आधी आठवतो, तो इथून आला.

पण कायद्यात एक भोक होतं. शंभर रुपयांच्या आतला व्यवहार नोंदवलाच पाहिजे असं नव्हतं. परिणाम काय, तर त्या काळात जमिनी नव्व्याण्णव रुपयांना जात. मुद्रांक आणि हेलपाटा वाचवायला आमचे लोक काहीही करतील, हे मी बँकेत बसून बघितलंच होतं.

एका कचेरीत खिडकीवरच्या बाईंनी माझा अर्ज हातात घेतला आणि विचारलं, “मयताशी नातं?”

“खापरपणतू.”

“नात्याचा पुरावा जोडलेला नाही.”

“तोच शोधायला आलोय.”

“आधी तो जोडा, मग शोधा.”

त्यांचं नियमाने बरोबर होतं. मीही हेच केलं असतं. किंबहुना जन्मभर हेच केलं.

नक्कल मिळाली तेव्हा वेगळंच संकट उभं राहिलं. आडनाव लिहायची पद्धत नसायची. ‘अमुक बिन तमुक’ एवढ्यावर काम चाले. आणि गावात नावंही मोजकीच. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, त्यामुळे एक पिढी सोडून तीच जोडी पुन्हा येते. खापरपणजोबांच्या नावाचे, त्याच गावात, त्याच सुमाराला तिघे निघाले. एकाने घर गहाण टाकलं होतं. दुसऱ्यावर सावकाराने फिर्याद लावली होती. तिसऱ्याने बैल विकला होता आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून तक्रार केली होती. घरी तिन्ही पर्याय ठेवले. बैलवाला एकमताने पसंत पडला.

मोठमोठ्या जमिनींचे कागद नव्हते असं नाही. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारी पुराभिलेखागार आहे, त्या खात्याची सुरुवात १८२१ची. साष्टीतली गावंच्या गावं कंपनी सरकारने मुंबईच्या धनिकांना कशी दिली हा इतिहास उघड आहे: पवई फ्रामजी कावसजींना, बैरामजी जीजीभाईंना १८३० साली कित्येक गावं. या इस्टेटींची महसुलाची माफी काढून घ्यायला १९५१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तेव्हा अर्धी अंधेरी कुणाची होती याचे कागद मिळू शकतात; त्यांवर आमचं नाव तेवढं नाही. आमचं नाव मिळालं ते गावच्या फेरफारात, वारस नोंदीत. खापरपणजोबा मयत, वारस मुलगा, म्हणजे आमचे पणजोबा. घराखालची दोन गुंठे जागा, आणि भातशेतीत कूळ. खंड मालकाला. यात एकच फायदा झाला: वडिलांचं नाव ‘बिन’च्या पुढे स्पष्ट होतं, तेव्हा तिघांतला आपला कोणता ते ठरलं. बैलवाला नव्हता. बाकीचे दोघेही नव्हते. आमचा चौथाच.

हा चौथा सापडला तो मात्र मरोळच्या मित्राच्या माळ्यावर. त्याच्या घरी पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात डांबराच्या गोळ्यांच्या वासात तीन पिढ्यांचे दस्त. “सगळं मोडीत आहे, आम्हाला काय कळतंय,” म्हणून त्याने गठ्ठा माझ्यापुढे टाकला. गहाणखतं, कर्जरोखे, एक विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा करार. वर स्टँपावर राणीचा मुखवटा, खाली शाईची लांबच लांब ओळ. मोडी लिहिणाऱ्याने आधी आडवी रेघ ओढली आणि मग तिला अक्षरं लटकवत गेला. शब्द कुठे संपतो ते त्याला आणि देवाला माहीत. ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्नच नाही.

मोडी वाचणाऱ्यांना सध्या फुरसत नसते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि राज्यभरच्या दप्तरांतून कोतवाल बुकं, शाळेची रजिस्टरं खाली उतरली. आजवर ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या मोडीवाल्यांचे फोन लागेनासे झाले. आम्हाला भेटले ते सर निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पहिला कागद भिंगाखाली धरला, ‘कारणे लिहून देतो ऐसा जे’पासून संथपणे म्हणत शेवटाला आले आणि थांबले. “साक्षीदार तुमचे का हो? बिनच्या पुढे तेच नाव आहे.”

नावाखाली ‘निशाणी नांगर’ लिहिलेलं आणि शेजारी नांगर. लिहिता न येणारा शेतकरी नांगर काढायचा, बायकांची निशाणी बांगडी. हे मला ऐकून ठाऊक होतं. पण हा नांगर मी असा जवळून बघितला. फाळ एका फटक्यात ओढलेला, टोकाशी शाई साचून गोळा झालेली. रुमणं मात्र दोनदा गिरवलेलं, हात ठेवायची मूठ नीट वळवलेली. ज्याने रोज ते धरलंय तोच एवढी काळजी घेईल. दुसऱ्या कागदावर तोच नांगर. तिसऱ्यावरही. कर्ज याचं, शेत त्याचं, विहीर तिसऱ्याची, साक्ष आमची. अख्ख्या ट्रंकेत आमच्या माणसाने स्वतः काही घेतलेलं नाही, विकलेलं नाही, गहाण टाकलेलं नाही. गावात कुणाचंही काही बुडायचं असलं की हे उभे.

“कसा रे हा माणूस?” मित्र म्हणाला. “आमची सगळी शेतं जाताना तुमचा हजर!”

ही बातमी घरी कशी सांगायची याचा मला घोर लागला होता. शेवटी मोठ्या काकांच्या वाढदिवसाला, सगळे जमलेले असताना सांगून टाकली. मालकी नव्हती, दान नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. कूळ होते आणि साक्षीला जायचे. पुरावा म्हणून नांगराचा फोटो मोबाइलवर फिरवला. काका बराच वेळ तो मोठा करून बघत राहिले. मला वाटलं, बसला धक्का.

“म्हणजे त्यांच्या साक्षीशिवाय गावात कागद होत नव्हता,” काका म्हणाले.

“तसं नाही काका, कुणीही दोघे—”

“सरकारदरबारी वजन होतं माणसाचं. अर्धी अंधेरी त्यांच्या सहीने गेली.”

“सही नाही, नांगर.”

“तेच ते.”

आत्या इतका वेळ गप्प होती. तिने फोटो बघितला नाही की चष्माही लावला नाही. “साक्षीला फुकट कोण जातं?” ती म्हणाली. “इतक्या व्यवहारांत उभा राहिला, म्हणजे दलाली घेतली असणार. ती कुठे गेली?” धाकट्या काकू उठून आत गेल्या.

काकांनी माझ्यापुढे कागद आणि पेन सरकवलं. “तू बँकेतला. दोन टक्के धर आणि आजपर्यंतचं काढ बरं. सरळव्याज नको, चक्रवाढ लाव.”