कोकणात चिरेबंदी घर बांधण्याची सशास्त्र पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वडिलोपार्जित जागेत, घरच्या माणसांच्या मदतीनं आणि गावातल्या मिस्त्रीच्या हातून घर उभं करू पाहणाऱ्या सद्गृहस्थांसाठी आहे. शहरात फ्लॅट घेणाऱ्यांनी ते वाचलं नाही तरी चालेल. त्यांना फक्त बिल्डर छळतो. गावच्या घराला साहित्य पुढीलप्रमाणे लागतं : चिरे, वाळू, सिमेंट, लाकूड, कौलं आणि नातेवाईक. पैकी पहिल्या पाच जिनसांचा दर आधी विचारून घेता येतो.

१. सातबारा

पाया खणण्याआधी सातबारा खणावा. त्यावर पणजोबा अजून हयात असल्यासारखे सर्वांत वर बसलेले आढळतील, घाबरू नये. वारसनोंद करून घ्यावी आणि सह्या गोळा करायला निघावं. डोंबिवलीचे काका सही देतात, पण आधी चार पिढ्यांचा इतिहास देतात. दुबईचा चुलतभाऊ ‘कागद व्हॉट्सॲप कर’ म्हणतो आणि बघत नाही.

खरी परीक्षा आत्याकडे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, तेव्हापासून आत्याची सही ही उपचाराची बाब राहिलेली नाही. नवशिके थेट कागद आणि पेन घेऊन जातात आणि नुसता चहा पिऊन परततात. आत्याला बहुधा हिस्सा नको असतो, तिला विचारलेलं हवं असतं. म्हणून पहिल्या खेपेस रिकाम्या हाती जावं. तिच्या लग्नात कबूल करून न दिलेल्या पाटल्यांचा विषय निघेल, तो मान खाली घालून पूर्ण ऐकावा. दुसऱ्या खेपेस घराचा नकाशा न्यावा आणि ‘आत्या, देवघर कुठे घेऊ?’ असं विचारावं. ती बोट ठेवील तिथे, मग तिथे न्हाणीघर काढलेलं का असेना, देवघर घ्यावं. सही तिसऱ्या खेपेस होते.

२. गाऱ्हाणं

कुदळ मारण्यापूर्वी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालावं. ते घालायला वाडीतला जाणता म्हातारा बोलवावा. मालकानं स्वतः तोंड उघडू नये. म्हातारा डोळे मिटून सुरुवात करतो : “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज घराचा काम हातात घेतलेला आसा. तेच्या वाटेत कोणी आडो इलो, घरचो असो वा भायरचो, तेका तू सरळ वाटेर आण म्हाराजा!” मागे उभे असलेले सगळे म्हणतात, “व्हय म्हाराजा!”

‘घरचो’ म्हणताना म्हाताऱ्याची मान, डोळे मिटलेले असूनही, थोरल्या चुलत्याच्या दिशेनं किंचित वळते. चुलत्याचा ‘व्हय म्हाराजा’ तेवढाच जरा उशिरा येतो. ज्यात सगळे भाऊबंद एका सुरात होकार देतात असा बांधकामातला हा एकमेव टप्पा. त्याचं व्हिडिओ चित्रण करून जपून ठेवावं; सांडपाण्याची मोरी कुठून न्यायची हा प्रश्न निघाला की उपयोगी पडतं.

३. मिस्त्री आणि पंचांग

काम उक्तं द्यावं की हजेरीनं, यावर गावागणिक दोन पक्ष आहेत. उक्त्याचं काम लवकर उरकतं, हजेरीचं उरकतच नाही. पहिल्यात भिंत वाकते, दुसऱ्यात मालक. आपल्या प्रकृतीला काय सोसेल ते बघून ठरवावं.

मुदत ठरवताना मिस्त्रीचं वर्ष समजून घ्यावं. आषाढात लावणी. भाद्रपदात गणपती, तेव्हा कोकणात मिस्त्री नावाचा प्राणीच नसतो, फक्त भजनी असतात. पुढे भातकापणी, मग दिवाळी. मग गावोगावच्या जत्रा. रात्रभर दशावतार बघितलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी ओळंबा देणं भिंतीच्या हिताचं नसतं. फाल्गुनात शिमगा, पालखी दारात येईपर्यंत कुणी थापीला हात लावत नाही. चैत्र-वैशाखात आंबा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस, आणि तो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा, सरीवर भागवणारा नव्हे. यातून उरतील ते दिवस बांधकामाचे.

मिस्त्रीला फोन केल्यावर तो म्हणेल, “काळजी करू नकात, मी उद्या येतंय.” हे खोटं नसतं. तो दुसऱ्या दिवशी येतोच. फक्त तुमच्याकडे येत नाही. एका वेळी तीन घरांची कामं घेतल्याशिवाय कुणालाही मिस्त्री म्हणत नाहीत. उपाय एकच : शिमग्याची उचल. ती मागितल्यापेक्षा थोडी कमी, पण शेजाऱ्यानं दिली त्यापेक्षा थोडी जास्त असावी.

४. चिरा

जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा त्यामानानं मऊ असतो, म्हणून तर तो सरळ कापता येतो. उघड्यावर राहिला की टणक होतो. तेव्हा ताजा कापलेला चिरा लगेच भिंतीत घालू नये. नातेवाइकांचं याच्या उलट आहे. ते मुंबईहून टणक येतात आणि उन्हात ठेवले की मऊ पडतात.

चिऱ्याचा ट्रक दारापर्यंत येत नाही, कारण पाणंद अरुंद आहे आणि ती रुंद करायला ज्याच्या गडग्याची जागा हवी तो आपलाच भाऊबंद आहे. चिरे रस्त्यावर उतरतात. इथे व्यायामशाळेत जाणारा भाचा पुढे होतो. तीस-पस्तीस किलोचा चिरा तो शास्त्रोक्त गुडघे वाकवून उचलतो, मामीला फोटो काढायला लावतो, आणि आठव्या चिऱ्याला गडग्यावर बसतो. त्याच्या बाजूनं कामाची बाई जाते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा, एक हात मोकळा, पायाखाली चढण. जाता जाता ती विचारते, “बाबू, जेवलंस काय?” भाचा संध्याकाळपर्यंत बोलत नाही. त्याला मजुरांच्या हिशेबात धरू नये. चहा पोचवण्याच्या कामावर घ्यावं. तिथे तो चमकतो.

सल्ला देणाऱ्या काकांच्या हाती हातोडी द्यावी आणि प्रत्येक चिरा वाजवून बघण्याची जबाबदारी सोपवावी. खणखणीत वाजला तो भिंतीला, बद वाजला तो गडग्याला. काम खरोखरच गरजेचं आहे, आणि चिऱ्यांची रास ओळंब्यापासून लांब असते. नातेवाइकाला काम नेहमी ओळंब्यापासून लांबचं द्यावं, हा या शास्त्राचा पहिला सिद्धान्त होय.

५. लाकूड

वासे, रिपा आणि आढ्यासाठी लाकूड विकत आणायची गरज नाही, परसात फणस आहे, असं घरातलं कुणीतरी म्हणेल. त्याला १९६४ चा झाडतोडीचा कायदा सांगावा : फणस, आंबा, साग यांसारखी झाडं स्वतःच्या आवारात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कायदा ऐकून कुणी गप्प बसणार नाही. मग आजीला विचारावं, झाड कापा की बरका?

कापा असेल तर विषय संपला. कापा फणसावर कुऱ्हाड चालवणारा माणूस आजीच्या हयातीत त्या घरात जेवू शकत नाही. बरका असेल, तर ‘माझ्या सासूबाईंनी लावलेला’ हे कारण निघतं. कायद्यानं परवानगी मिळते, आजीकडून मिळत नाही. सुताराला निरोप पाठवावा आणि लाकूड वखारीतून आणावं.

६. छप्पर

मंगळुरात बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि ती कौलं सगळ्या कोकणभर पसरली. ठाण्याच्या वहिनींना तीच हवीत. त्यांनी एका रिसॉर्टमध्ये पाहिली आहेत. गावात राहणाऱ्या धाकट्या भावाला ती नकोत, कारण दर वर्षी पावसाआधी शाकारायला तोच वर चढतो आणि माकडांशीही तोच भांडतो. त्याला स्लॅब हवा.

दोघांचंही मन राखावं. आधी स्लॅब घालावा. तो गळतो. मग त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालावेत, आणि वहिनींसाठी पुढच्या पडवीला चार हात कौलं लावावीत. खर्च दुप्पट येतो. पण कोकणात हीच रूढ बांधकामशैली आहे : स्लॅब पावसापासून घराचं रक्षण करतो आणि पत्रा पावसापासून स्लॅबचं.

७. पाणी मारणं

सिमेंटचं काम निदान आठवडाभर ओलं राहायला हवं, नाहीतर भेगा जातात. हे काम वडिलांना द्यावं. हातात पाइप आला की निवृत्त माणूस दहा वर्षांनी तरुण होतो. ते पहाटे पाच वाजता पाणी मारतात, वीज गेली तर कळशीनं मारतात, आणि मिस्त्रीच्या टोपीवरही थोडं मारतात. पुढे पाहुण्यांना घर दाखवताना ते खोल्या दाखवणार नाहीत, भिंतीवर हात फिरवून म्हणतील, “एक भेग दाखवा.” दाखवू नये. एक आहे, कपाटामागे.

८. शेवटचा हात

आता सर्वांत महत्त्वाचं. घर कधीही पुरं करू नये.

मागच्या पडवीचा गिलावा बाकी ठेवावा आणि मिस्त्रीचे थोडे पैसेही. तो पैशासाठी येत राहतो, तुम्ही गिलाव्यासाठी त्याला चहा पाजत राहता, आणि पहिल्या पावसात कौल सरकलं तर हाकेला माणूस असतो. देवघराला दार बसवू नये. नक्षी पसंत करायला आत्याला यावं लागेल, आणि ती आली की चार दिवस राहते. काकांनी वाजवून नापास केलेले चिरे तसेच राशीला असू द्यावेत, त्यांचा गडगा कसा घालावा हे सांगायला ते मे महिन्यात येतीलच. सगळी कामं हातावेगळी केलेली घरं आम्ही पाहिली आहेत. त्यांना कुलूप असतं, आणि किल्ली शेजारी.

वास्तुशांतीच्या पंगतीत थोरले चुलते सर्वांदेखत विचारतील, “काय रे, मागचा गिलावा कधी?” त्यांच्या पानात आणखी एक मोदक वाढावा आणि “दिवाळीनंतर” म्हणावं. साल सांगू नये.