तेल्याचे सामूहिक निदान

डाळिंबाच्या पानावर तेलकट डाग दिसला की त्याचा धूसर फोटो आधी शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पडतो. २०२२ पासून एका गटात १०२४ जणांची सोय झाल्याने तज्ज्ञांची टंचाई नसते. पहिला सल्ला बुरशीनाशकाचा येतो. हा तेल्या रोग बुरशीने नव्हे, जिवाणूमुळे होतो, ही अडचण कोणी मध्ये आणत नाही. रोगट फांद्या छाटून जाळाव्यात, कात्री निर्जंतुक करावी, हे बरोबर उत्तरही कुणीतरी देतो. ते ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांखाली गाडले जाते. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची शिफारस पीडीएफमध्ये असते, म्हणून ती न उघडता पुढे पाठवली जाते. अखेर गटाचा ॲडमिन औषधाचे नाव कळवतो. ते त्याच्याच दुकानात मिळते.