परमुलखी मोटारीची सद्गती

माणसाला देश सोडून जावयाचे झाल्यास पारपत्र, व्हिसा आणि विमानाचे तिकीट एवढा सरंजाम पुरतो. परंतु त्याने मागे ठेवलेल्या मोटारीला नुसती राज्याची शीव ओलांडून नांदावयाचे म्हटले, तरी नाना नमुन्यांतील अर्ज, दोन कचेऱ्यांची संमती, पोलिसांचा दाखला आणि बँकेची फारकत एवढ्या लवाजम्याची सिद्धता करावी लागते, हे ज्ञान मला माझ्या भाच्याच्या कृपेने उतारवयात प्राप्त झाले. बेंगळुरूची नोकरी सोडून हा भाचा जर्मनीतील स्टुटगार्ट येथे, म्हणजे मोटारी जेथे जन्मास येतात त्याच नगरीत, स्थायिक होण्यास निघाला, आणि निघता निघता आपली २००९ सालची कर्नाटक पासिंगची मारुती टेंभुर्णीच्या आमच्या वाड्यात, बैल विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या गोठ्यात, आणून उभी करता झाला. "मामा, हिची काहीतरी व्यवस्था लावा," एवढेच त्याचे मृत्युपत्रवजा शब्द. पुढे अधिक मासात मुक्कामाला आलेल्या जावयाप्रमाणे ती मोटार कोणाच्याही उपयोगी न पडता गोठ्यात विराजमान राहिली, आणि तिला कोणी 'ऊठ' म्हणू शकेना.

वास्तविक हद्दीच्या कटकटी टेंभुर्णीला नवीन नाहीत. जाफराबाद तालुक्यातील या आमच्या गावाहून पूर्वेस निघाले की अल्पावकाशात बुलढाणा जिल्हा, म्हणजे जुना वऱ्हाड, लागतो. आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य लयास जाईपर्यंत इकडची बाजू मोगलाई होती, इकडचे नाणे हाली होते, आणि मालासह इकडून तिकडे जाणाऱ्यास करोडगिरीच्या नाक्यावर आपल्या गाठोड्याची कैफियत द्यावी लागे. गंमत अशी की, त्या वऱ्हाडाची अवस्था माझ्या भाच्याच्या मोटारीहून तिळमात्र वेगळी नव्हती. १९०२ च्या कराराने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांना सालिना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला. मालकी हैदराबादची, वहिवाट साहेबाची. १९३६ साली तर निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला, म्हणजे आरसी बुक एकाच्या नावे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात असा हा कारभार चांगला पंचेचाळीस वर्षे चालला, आणि त्या अवधीत वऱ्हाडची फेरनोंदणी का केली नाही असे विचारण्याची कोणत्याही कारकुनाची छाती झाली नाही. आणखी मागे जावयाचे तर याच मुलुखात असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा निघून गेल्या आणि शंभराच्या आसपास तोफा मागे राहिल्या. इंग्रज सेनापती वेलस्लीने त्या नाहरकत दाखल्यावाचून ताब्यात घेतल्या. मोठ्या माणसांचे सारेच निराळे.

माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकास मात्र १९८८ चा मोटार वाहन कायदा उघडून बसणे प्राप्त झाले. त्याचे ४७ वे कलम सांगते की, एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास त्यास नवा क्रमांक घ्यावा. ४८ वे कलम सांगते की, त्यासाठी मूळ कचेरीचा नाहरकत दाखला आणावा. आणि त्याच कलमात पुढे अशी एक उदार तरतूद आहे की, अर्ज केल्यापासून ३० दिवसांत त्या कचेरीने होय वा नाही असे काहीच न कळविल्यास दाखला मिळाला असे मानावे. मौनं संमतिलक्षणम् हे वचन शासनाने एवढ्या स्पष्टपणे अन्यत्र कोठे स्वीकारले असेल असे वाटत नाही. अडचण इतकीच की, असे मानल्याचे लेखी कोणी देत नाही, आणि लेखी नसलेले दुसरी कोणतीही कचेरी मानत नाही.

या दाखल्याच्या अर्जावर, अठ्ठावीस क्रमांकाच्या नमुन्यावर, मोटारीच्या चासी क्रमांकाचा पेन्सिलीने घेतलेला ठसा लागतो. त्यासाठी गावातील मिस्त्री आले, त्यांनी बॉनेट उचलले, आणि आत उंदरांनी कापसाच्या बोंडांचे जे प्रशस्त बिऱ्हाड थाटले होते ते दोन्ही हातांनी सन्मानपूर्वक बाहेर काढून गव्हाणीत ठेवले. मग इंजिनाच्या मागील पत्र्यावर डिझेलचा बोळा फिरवून, त्यावर माझ्या वहीतील एक पान ताणून धरून, जिभेचे टोक दातांत पकडून ते पेन्सिल आडवी घासू लागले. आणि त्या राखाडी पट्ट्यातून एकेक पांढरे अक्षर प्राचीन शिलालेखाप्रमाणे वर येऊ लागले. एकूण सतरा अक्षरांपैकी सोळा निर्विवाद उमटली. सतरावे तीन आहे की आठ, याविषयी गंजाने असा काही पाठभेद निर्माण करून ठेवला होता की, मिस्त्री, मी, आणि गोठ्याच्या दारात जमलेली निम्मी गल्ली यांचे तिन्हीसांजेपर्यंत एकमत झाले नाही.

तशात भाच्याने केव्हाच फेडलेल्या कर्जाचा बोजा आरसी बुकावर अद्याप ठाण मांडून होता. भाच्याने मुखत्यारपत्र करून पाठविले. तेही म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाची मोहर उमटल्यावर आले, आणि आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इकडचे मुद्रांक शुल्क भरावे लागते असे वकिलांनी सांगितले. भाचा दूरध्वनीवर म्हणाला की, त्याच्या नव्या गावी कोणी मोटारीची नोंदणी रद्द करावयास गेल्यास कारकून पाटीवरील सरकारी मोहर खरवडून टाकतो आणि प्रकरण निकालात निघते. मी त्यास म्हटले, "अरे, आमच्याकडे खरवडण्याचे काम गंज करतो, निकालाचे तेवढे राहते."

मधल्या काळात गिऱ्हाइके येत नव्हती असे नाही. टेंभुर्णीत वस्तू विकावयाची आहे अशी नुसती कुणकुण लागली की घेण्याचा हेतू नसलेलीही मंडळी किंमत पाडण्याच्या निखळ आनंदासाठी येतात. एक सोयाबीनवाले गृहस्थ मागील आसनावर बसून, उठून, पुन्हा बसून म्हणाले, "गुरुजी, हे शीट काढलं तं दुधाचे कॅन किती बसतीन?" मी सहा म्हणालो. ते प्रसन्न झाले, मोटारीस प्रदक्षिणा घालून पुढे आले, आणि पाटीपाशी थबकले. "पासिंग बाहेरची हाये ना पण. नाक्यावर अडवलं तं म्या काय कानडी बोलू?" या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते. चहा घेऊन ते गेले.

अखेर नोंदणीची १५ वर्षांची मुदत सरली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. १ एप्रिल २०२२ पासून एवढ्या जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. त्यावर नव्या राज्याचा रस्ता कर, ज्याच्या बदल्यात जुन्या राज्याकडे परताव्याचा निराळा अर्ज करावा लागतो. ही बेरीज पाहिल्यावर मोटार भंगारात घालावी हा विचार सुचला, आणि तेव्हा एक अद्भुत शोध लागला: २०२१ च्या वाहन मोडणीच्या नियमांनुसार देशातील कोणत्याही नोंदणीकृत मोडणी केंद्रात गाडी नेता येते, मग तिचे पासिंग कोठलेही असो. जगावयाचे असेल तर जिला कानडी मुलुखाचा नाहरकत दाखला पाहिजे, तिला मरावयाचे असल्यास कोणाचीच हरकत नाही! मात्र मोडणाऱ्यालाही गाडीवर बोजा वा गुन्हा चालत नाही. तेव्हा भाच्याने तिकडून बँकेशी झुंजून तो बोजा एकदाचा उतरविला, आणि सतराव्या अक्षराचा वादही बँकेच्याच जुन्या कागदाने तीनच्या बाजूने मिटला.

प्रस्थान अंगारकीच्या दिवशी ठेवावे लागले, कारण ट्रॅक्टर त्याच दिवशी मोकळा होता. चार फळ्या लावून, गल्लीतील सर्व तरुणांच्या खांद्यांनी, मोटार ट्रॉलीत चढविली गेली. आणि ट्रॉलीत उरलेली जागा मुळीच नसल्यामुळे मला मोटारीतच, सुकाणूमागे बसून, प्रवास करावा लागला. जमिनीपासून एवढ्या उंचीवर, पुढे ट्रॅक्टर आणि हातात निरुपयोगी चक्र अशा थाटात, राजूरच्या रस्त्याला लागलो. ज्यांना राजूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो की, अंगारकीला तेथील राजुरेश्वर गणपतीच्या दर्शनास जो जनसागर लोटतो त्यातील कित्येक जण रात्रीच जालन्याहून अनवाणी निघालेले असतात. आणि अशा भाविकांच्या लोंढ्यात उंचावर मोटारीत बसलेला एक वृद्ध इसम सावकाश येताना दिसल्यावर कोणासही तो मिरवणुकीचाच भाग वाटावा यात नवल नाही. काहींनी हात जोडले. एका बाईंनी बॉनेटवर जास्वंदीचे फूल वाहिले. ट्रॅक्टरवाल्याने मंदिराच्या कमानीपाशी उतरून, मला न विचारता, मोटारीच्या पुढच्या चाकावर नारळ फोडला, आणि नव्या गाडीची पूजा समजून दोघातिघांनी मला पेढे कुठे आहेत असे विचारले. मी खिन्नपणे खोबरे वाटले.

पुढे जालना आले. 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्या काळची, तो काळ व्यापाराचा. हल्ली या शहराची ख्याती बियाण्यांची आणि सळयांची. येथील भट्ट्यांत देशोदेशीचे भंगार सुमारे १,६०० अंश तपमानावर वितळते, त्याचे बिलेट होतात, आणि रोलिंग मिलमधून त्याच्या सळया होऊन बाहेर पडतात. त्या धगीत मारुती कोणती, नांगराचा फाळ कोणता आणि जहाजाचा पत्रा कोणता, हा भेद उरत नाही. पासिंगचा तर प्रश्नच नाही. शहर ओलांडून मोडणी केंद्रावर पोचलो तेव्हा तेथील तरुणाने यंत्रावर काही कळा दाबल्या, मुखत्यारपत्र पाहिले, आणि अर्ध्या तासात मोटार खाली उतरवून घेतली. चासी क्रमांकाचा तुकडा कापून सहा महिने जतन करावयाचा असतो असे त्याने सांगितले. मी त्यास तो आकडा तीनच आहे हे आवर्जून दाखविले.

भाच्यास जमा-प्रमाणपत्र मिळाले. त्यान्वये खाजगी वाहन घेणारास रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे, अर्थात नवी मोटार भारतात घेतल्यास. ते प्रमाणपत्र दुसऱ्यासही हस्तांतरित करता येते असे कळल्यावर दुधाच्या कॅनवाले गृहस्थ पुन्हा चहाला येऊन गेले. परदेशी निघालेल्या समस्त भाच्यांस माझी विनंती इतकीच की, कर्ज फिटले असल्यास बोजा स्वतः उभे राहून उतरवून घ्यावा, मोटार जेथे नोंदली तेथेच विकावी, खरेदीदाराच्या नावाचे आरसी बुक डोळ्यांनी पाहावे आणि मगच विमानात पाय ठेवावा. मामाचा गोठा कितीही रिकामा असो.