सूचीपंत

ऐरोली-महापे पट्ट्यातील काचेच्या इमारतींत दिवसभर परक्यांची माहिती राखणाऱ्या आणि सायंकाळी ट्रान्स हार्बरच्या गाडीने नेरुळला परतणाऱ्या डेटाबेसवाल्यांची एक जमातच नवी मुंबईत आता स्थिरावली आहे. आणि तीतील जो इसम कोणत्याही प्रश्नाला 'ते अवलंबून आहे' याखेरीज उत्तर देत नाही, तो सूचीपंत होय.

सर्वसामान्य अभियंता क्वेरी मंदावली की बिनदिक्कत एक इंडेक्स टाकून मोकळा होतो. पंतांना हा उतावळेपणा अधर्मासमान वाटतो. कारण इंडेक्स वाचणाऱ्याला जी सवलत देतो तिचा कर तो प्रत्येक नवी नोंद लिहिणाऱ्याकडून वसूल करतो, हे सत्य त्यांच्या हाडीमाशी खिळलेले असते. हॅश इंडेक्स, त्यांच्या मते, नेमके मूल्य विचारल्यास तत्पर, पण 'जानेवारी ते मार्च' अशी मुदत विचारताच निरुत्तर. बिटमॅप मोजक्याच प्रकारांच्या रकान्यास उत्तम, परंतु जेथे अनेक हात एकाच वेळी नोंदी बदलतात तेथे सर्वांना खोळंबून ठेवणारा. उरला बी-ट्री. त्याचा विषय निघाला की पंतांचा स्वर मृदू होतो. बायर आणि मॅक्राइट या द्वयीने ही रचना १९७० साली मांडली आणि सिडकोची स्थापनाही त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झाली, हा योगायोग ते सत्यनारायणाच्या प्रसादासाठी थांबलेल्या पाहुण्यांनाही ऐकवतात.

असे हे गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि पहिलेच प्रकरण पुढ्यात आले ते वाहनांचे. कोणी कोणाच्या गाडीपुढे गाडी लावली, तर मालक हुडकायचा कसा? दप्तर म्हणून वॉचमनजवळ एक वही होती. येथील बहुतेक गाड्यांचे क्रमांक एमएच ४३ नेच सुरू होत असल्यामुळे डावीकडून लावलेली क्रमवारी कुचकामी, आणि तक्रारदाराला तर केवळ शेवटचे चार आकडे ठाऊक. सबब क्रमांक उलटा लिहून त्यावर बी-ट्री रचावा, हे पंतांनी तत्काळ ताडले. ही तजवीज खरोखर बिनतोड होती, आणि तेथेच ते थांबते तर हे व्यक्तिचित्र लिहिण्याचे कारणच उरले नसते. परंतु दुचाकी-चारचाकी हा रकाना आधी घ्यावा की मागाहून, या शंकेने त्यांना ग्रासले, आणि ते फाटकाशी गेले.

"भाऊ, दिवसातून नव्या गाड्या किती लिहिता, आणि जुन्या किती शोधता?"

"शोधायचं काय त्यात, साहेब? नंबर बघितला की कळतं. ही बी विंग, सहाशे दोन."

पंतांनी 'स्मृतीतील प्रत; इसम रजेवर गेल्यास नष्ट' असा शेरा मारून हे उत्तर टिपून घेतले.

वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यांनी अहवाल वाचला. त्यात हॅशचा पूर्वपक्ष होता, बिटमॅपचे खंडन होते, उलट्या क्रमांकाचे सोदाहरण समर्थन होते; सभासदांपैकी दोघे-तिघे निद्राधीन झाल्यावर अखेरच्या पानावर निर्णय आला: एकूण वाहने अवघी साठ असल्याकारणाने कोणताही इंडेक्स लावू नये, वही पहिल्या ओळीपासून वाचत जाणेच सर्वांत जलद. शास्त्रदृष्ट्या यात तिळमात्र चूक नव्हती. ठराव एकमताने संमत झाला. आणि अहवालाच्या झेरॉक्सचा खर्च 'किरकोळ'मध्ये टाकावा की 'दुरुस्ती'मध्ये, यावर पंत आणि खजिनदार यांचा वाद रंगात आला तोवर बाकीची मंडळी चहाकडे वळली होती.