खारी माती, काळी डबी

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी शिकावं, असं सगळे सांगतात. आमच्या सोसायटीतली मंडळी गीता, मोडी किंवा माउथ ऑर्गन शिकतात आणि तेही चालत जाण्याच्या अंतरावर. मी बिदरीकाम शिकायला थेट बीदरला निघालो म्हटल्यावर घरात शांतता पसरली. "बाथरूमची कडी लावायची राहिलीय, ती लावून जा," एवढंच सौभाग्यवती म्हणाल्या.

मुंबईहून बीदरची गाडी लातूरवरून जाते. हे वाक्य लातूरकरांसमोर मात्र जरा जपून उच्चारावं. २०१७ साली त्यांची लातूर एक्स्प्रेस बीदरपर्यंत वाढवली, तेव्हा तिथे आंदोलन झालं होतं. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी मला प्रेमाने शेंगदाण्याची चटणी देऊ केली होती. कुठे उतरणार, या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं आणि डब्याचं झाकण लागलं.

बीदर ही बहमनी सुलतानांची राजधानी. रिक्षावाल्याला कारखान्याचा पत्ता विचारला, तर त्याने आधी महमूद गवानचा मदरसा दाखवला. बांधकाम १४७२ सालचं, बराच भाग पडलेला, पण उरलेल्या मनोऱ्यावर आणि भिंतींवर अजून रंगीत फरशा आहेत. शिकायला आलोय म्हटल्यावर माणूस शाळेतच सोडणार, यात त्याची काय चूक? शाह रशीद अहमद कादरींना बिदरीकामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली, ही माहितीही त्यानेच दिली आणि भाडं घेऊन निघून गेला. माझी शाळा जवळच्या गल्लीत निघाली: एक खोली, एक पंखा, आणि जमिनीवर बसून ठोकणारी चार माणसं.

उस्तादांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले. "बँक में थे क्या?" मी हो म्हणालो. त्यांनी हातात कानस दिली.

बिदरीची वस्तू जस्ताची. सोळा भाग जस्तात एक भाग तांबं घालून ती मातीच्या साच्यात ओततात. मग कानशीने घासायची. मग मोरचूद लावून तात्पुरती काळी करायची, म्हणजे टोच्याने काढलेली नक्षी दिसते. त्या रेघा कलमेने खोदायच्या आणि खोबणीत चांदीची तार ठोकून बसवायची. माझ्या शेजारचा तरुण कारागीर मोबाइलवर मेहुण्याशी भांडत भांडत द्राक्षाचा वेल खोदत होता आणि एकही पान वाकडं होत नव्हतं. मला एका डबीच्या झाकणावर एक फूल दिलं होतं. तार एका टोकाला बसली की दुसऱ्या टोकाला उठायची, सरकारी फाइलसारखी.

एवढं सगळं झालं की वस्तू पुन्हा घासतात. मोरचुदाचा काळा रंग जातो, जस्त पांढरट, चांदीही पांढरी, आणि सगळी मेहनत डोळ्यांसमोर गायब होते. आता खरा रंग आणते ती बीदरच्या किल्ल्यातली माती. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची. नेमकी कुठली, हे विचारलं की उस्तादांना कमी ऐकू येई.

दोन पुड्या समोर ठेवून ते म्हणाले, "चखो."

"माती?"

"हौ. मिट्टी नै चखे तो काम कैसा आता?"

त्यांनी स्वतः चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले. "ये नक्को." दुसरी चाखली. "ये अच्छी." शाळेला निघालेला त्यांचा नातू दप्तर पाठीवर घेऊनच वाकला, चाटून म्हणाला, "खारी है, दादा," आणि पळाला. मला दोन्ही पुड्यांत मातीच लागली. तिकडे इतर विद्यांचे अभ्यासक्रम, परीक्षा, पदव्या. इथे जीभ हीच प्रयोगशाळा.

रात्री फोन आला. "आज काय खाल्लं?"

"माती."

"ती तुम्ही लग्नापासून खाताय. तिथे वेगळं काय?"

दुसऱ्या दिवशी ती माती नवसागराच्या पाण्यात कालवून उस्तादांनी गरम डबीवर चोळली. जस्त बघता बघता काळंभोर झालं आणि चांदीला काहीही झालं नाही. माझं फूल लख्ख उजळलं, उठलेल्या तारेसकट. तेलाचा हात फिरवून उस्तादांनी डबी उजेडात धरली. "किसी कू तोहफा देना. बेचना नक्को," म्हणाले.

तोहफा घरीच दिला. दारात पाऊल टाकताच सौभाग्यवतींनी तो सिंककडे नेला आणि पितांबरीचा डबा उघडला. वेळेवर झडप घातली म्हणून बरं. तेव्हा वाचकहो, घरात बिदरीची वस्तू असेल तर तिला चिंच, राख, पितांबरी काही लावू नका. तो काळेपणा मळ नाही, तोच माल आहे. कापसावर दोन थेंब खोबरेल घ्या आणि पुसा.