लिंबू, दुसऱ्यांदा

पिंपरी-चिंचवडच्या निगडी प्राधिकरणात कापणी करायची तरी कशाची? 1972 साली, राज्यभर दुष्काळ होता त्याच वर्षी, नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि पुढे इथल्या शेतांना सेक्टरांचे नंबर पडले. ऋतूंची जागा शिफ्टनी घेतली. तरीही आमच्या शेजारच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कापणीच्या सणाचा एक रविवार असतो. नव्या पिकातलं पहिलं देवापुढे ठेवायचं, ही जुनी रीत. नगरकडच्या खेड्यांतून कंपनीत आलेल्या माणसांनी शेत मागे ठेवलं, सण तेवढा पिशवीत घालून आणला.

मग आदल्या दिवशी तरुण संघातली मुलं झेला आणि पोती घेऊन बंगल्याबंगल्यांतून फिरतात. फाटकं सगळ्याच धर्मांची उघडतात. पेरू, चिकू, पपई, सीताफळ, लिंबू. झाडं भरात आणि ती लावणाऱ्यांचे गुडघे शिडीच्या पहिल्या पायरीवरच अडलेले. कुणाचे यजमान झाडाला फळ धरायच्या आधीच गेले, कुणाची मुलं ऑस्टिनला चिकू विकत घेऊन खातात. ‘शेंड्याची राहू द्या रे, पोपटांची आहेत,’ असं खालून कुणीतरी ओरडतंच. लेवीयाच्या पुस्तकात असाच नियम आहे: मळा झाडूनपुसून नेऊ नको, गळलेली फळं गरिबाला आणि परक्याला असू देत. रूथ ही परमुलखातली विधवा सून बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, ती त्याच नियमाच्या भरवशावर. आमच्याकडे तो न वाचताही पाळला जातो, कारण वरच्या फांदीपर्यंत कुणाचा हातच पोचत नाही.

जमवलेली ही फळं धर्मादायासाठी असतात. फळांवर असा भार टाकण्याचा बेत पंडिता रमाबाईंनीही केला होता. विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शारदा सदनाला मदत करणाऱ्या अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांचाच शब्द दिलेला. ती वर्षं सरल्यावर मुलींच्या पोटाचं काय, म्हणून बाईंनी केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेऊन फळबाग धरली. हिशेब चोख होता. पण झाडांच्या आधी 1896-97 चा दुष्काळ आला, बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन परतल्या. फळं धरायच्या आत मुलीच आल्या, आणि बागेच्या जमिनीवर त्यांच्यासाठी ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं. पिकाचा इतका सुंदर चुकलेला अंदाज दुसरा मला माहीत नाही.

रविवारी उपासना झाली की आवारात लिलाव. पुकारणारे गृहस्थ उभा जन्म मशीनशॉपमध्ये मायक्रॉन मोजत आलेले, पण इथे त्यांचं माप ग्रहणातल्या सावल्यांसारखं वेडंवाकडं पडतं. एक लिंबू शंभराला जातं. घेणारा ते नाकाशी नेतो, डोळे मिटतो आणि परत टेबलावर ठेवतो: ‘पुन्हा लावा.’ दुसऱ्यांदा तेच लिंबू दीडशेला. मार्केट यार्डातल्या आडत्याला हे दाखवलं तर तो आधी डॉक्टर बोलावील. पैसे वृद्धाश्रमाला जातात, टेबलावर उरलेली फळं मुलांच्या वसतिगृहाला, आणि पाळकसाहेब प्रत्येक बोलीला ‘आमेन’ म्हणावं तशी मान हलवतात. घरी काही न्यायचं नाही असा नियम कुठेही लिहिलेला नाही, पण नेणारा जरा ओशाळतोच.

यंदा चिकूंची टोपली पुकारली तेव्हा आमच्या ओळीतल्या काकूंनी हात वर केला. सण त्यांचा नव्हे, चिकू मात्र त्यांच्याच अंगणातले.

‘काकू, अहो तुमच्याच झाडाचे आहेत.’

‘ह्यांनी लावलेलं झाड. ठाऊक आहे मला. दोनशे.’ आणि गृहस्थ टोपली परत टेबलाकडे सरकवू लागले तशी त्यांनी कडीला धरली. ‘हे पुन्हा लावायचे नाहीत हो. अजून दोन दिवस पिकायचेत.’