एकटेच आले का जी?

वऱ्हाडात अलीकडे एक नवी जमात निघाली आहे: एकट्याने गाव पाहणारे गृहस्थ. बहुतेक जण जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. यांचा मुलगा परदेशात असतो. तो एखादा दिवस फ्लॉरेन्समध्ये एकटाच हिंडतो, चर्चचे आणि पुतळ्यांचे फोटो पाठवतो आणि इकडे वडील पेटतात. आपलं गाव काय कमी आहे? सकाळीच डोक्यावर टोपी, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये जुन्या गॅझेटिअरचे झेरॉक्स घेऊन स्वारी निघते. कोणाशी बोलायचं नाही, निवांत पाहायचं, हा नियम.

अमरावतीत अंबादेवीच्या दारात फुलवाली तो मोडते. "एकटेच आले का जी? बाई नाई आल्या? भांडण-गिंडण झालं का?"

गृहस्थ तिला १९२७ सालचा मंदिरप्रवेशाचा लढा सांगतात. पंजाबराव देशमुख सांगतात, नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेली परिषदही सांगतात. बाई सगळं नीट ऐकून घेते. मग म्हणते, "एकवीरेलेबी हार घेऊन जा. घरचं मिटन."

परकोट हा यांचा हळवा विषय. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांना वाचवायला निजामाच्या अमलात १८०७ साली हा तट बांधायला घेतला, पाच दरवाजे आणि चार खिडक्या ठेवल्या, हे ते जवाहर गेटपाशी ऑटोंच्या हॉर्नमध्ये उभे राहून पुटपुटतात. इटलीतल्या लुक्का गावच्या तटावर लोक सायकली चालवतात म्हणे! इथे त्यांनी नुसतं 'खुनारी खिडकी कुठे?' एवढंच विचारलं. पाच जणांनी सहा दिशा दाखवल्या आणि भांडण मिटेना म्हणून पाचही जण सोबत निघाले. मोहरमच्या झटापटीत तिथे शेकडो माणसं मेली, म्हणून हे नाव पडलं, असं गॅझेटिअर म्हणतं. पाचांपैकी एकालाही ते पटलं नाही. गिला वड्याचे पैसे मात्र त्यांनी गृहस्थांना देऊ दिले नाहीत.

दुपारी अकोल्याची एसटी. खिडकीची जागा, मौन. पण महामार्ग लागला की यांना राहवत नाही. जून २०२२मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबराचा थर टाकून गिनीजमध्ये नाव लागलं! शेजारचा शेतकरी विचार करून म्हणतो, "मंग आमच्या गावचा तीन किलोमीटर काहून ऱ्हायला?" गॅझेटिअरात याचं उत्तर नाही.

हाच शेतकरी अकोल्यात उतरल्यावर यांना सोडत नाही. असदगडाच्या बुरुजावरून मोर्णा दाखवतो. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडींनी राजराजेश्वराला कसं येतं, हे खांदा वाकवून करून दाखवतो आणि 'दोन मिनिटं' म्हणून साळ्याच्या घरी नेतो.

तिथे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. पाहुणे यायचे असतात. टोपीवाले गृहस्थ आत शिरताच त्यांना गादीवर बसवलं जातं, पोहे येतात. आपण नुसते पर्यटक आहोत हे ते परोपरीने सांगतात, मुलगा फ्लॉरेन्सला असतो हेही त्या भरात सांगून बसतात. घरात एकदम शांतता पसरते. आतून मावशी पदर सावरत बाहेर येतात.

"लग्न झालं का जी त्याचं?"

बाळापूरची मिर्झाराजे जयसिंगाची छत्री यादीत होती, ती राहिली. संध्याकाळी फ्लॉरेन्सला वडिलांचा मेसेज गेला: जन्मवेळ कळव, सकाळची की रात्रीची?